'सुईनं गाय मेली' म्हणतात, आणि मी तो रस्ताच टाळते

आदरणीय मॅडम,

मी ठाण्याची. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली आणि फेब्रुवारीत जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका गावी पशुधन विकास अधिकारी म्हणून रुजू झाले. मोठ्या जनावरांचंच काम करायचं हे मी पहिल्या वर्षापासून ठरवलं होतं. गाव निम्मं कानडी बोलतं. टँकरचं पाणी, भाड्याची एक खोली. माझी खोकी अजून बांधलेलीच आहेत.

मार्चअखेर रात्री 11 वाजता फोन आला. दोन दिवसांपूर्वी व्यालेली संकरित गाय सकाळपासून बसून होती. मान पोटाकडे वळवलेली, कान गार. दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटलंय, असं समजून शिरेतून कॅल्शियम लावलं. बाटली निम्मी व्हायच्या आत गाय तडफडली आणि गेली. मालक काही बोलले नाहीत. त्यांच्या आईनं माझ्या हातावर पाणी घातलं आणि मी घरी आले. दुसऱ्या दिवसापासून गावभर एकच, 'मॅडमच्या सुईनं गाय मेली.' आता लोक दवाखान्यात येतात, पण आमच्या दवाखान्यातल्या व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टी करणाऱ्या, मामांना विचारतात, नाहीतर सरळ खाजगी डॉक्टरला फोन लावतात. त्या वस्तीचा रस्ता मी टाळते. आई म्हणते, परत ये, इथं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढ. मी इथं रुजेन का? तुम्ही मला मुलीसारखं एकेरीच लिहा.

तुमची, एक वाचक

*

प्रिय मुली,

आधी त्या गाईबद्दल बोलू. बाकीचं सगळं तिच्यापाशीच अडकून बसलंय.

गाय तुझ्या सुईनं मेली का? एका पत्रावरून मी हो म्हणणार नाही आणि तुझं मन राखायला नाहीही म्हणणार नाही. शक्यता मात्र तुझ्यासमोर मांडते. त्या तुलाही ठाऊक आहेत, पण रात्री एकटीनं आढ्याकडे बघत उजळणी केली की त्यातली एकच, सगळ्यांत वाईट, तेवढी खरी वाटते.

कॅल्शियम थेट हृदयावर काम करतं. 450 मिलीची बाटली भरभर गेली की ठोके अडखळतात आणि हृदय थांबतं. म्हणून बाटली अंगाएवढी कोमट करायची, खाली धरायची, धार बारीक ठेवायची आणि दुसऱ्या हातानं स्टेथोस्कोप छातीवर. दहा-पंधरा मिनिटं लागतात, लागू द्यायची. ठोका चुकला की थांबायचं. शंका आली तर अर्धी बाटली कातडीखाली द्यायची. हे तू केलंस का, ते फक्त तुला माहीत.

दुसरी शक्यता अशी की तो निव्वळ दुग्धज्वर नव्हताच. गाईचं तापमान एरवी 101 ते 102 फॅरनहाइट. दुग्धज्वरात, नावात ज्वर असूनही, ते खाली उतरतं. पण कासदाहाचं किंवा गर्भाशयातल्या पुवाचं विष अंगभर भिनलेली गायही अशीच बसते, तिचेही कान गार पडतात. तिचं हृदय आधीच थकलेलं असतं, तिथं कॅल्शियम जड जातं. थर्मामीटर लावला होतास का? चारही सडांतून एकेक धार काढून पाहिलीस का?

तिसरी शक्यता आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसते आणि पुस्तकात तिला चार ओळी असतात. गाय सकाळी बसली आणि फोन रात्री 11 ला आला. मधल्या वेळात कुणी तेल पाजलं असेल, कुणी गुळाचं पाणी, कुणी काढा. दुग्धज्वरात गिळायची ताकद गेलेली असते. पाजलेलं सगळं फुफ्फुसात उतरतं. वरवर गाय तशीच दिसते, आत ती बुडत असते. बसलेल्या जनावरापाशी गेलीस की पहिला प्रश्न हाच विचारायचा, 'तोंडानं काय काय पाजलंय?' आणि विचारताना आवाजात आरोप नको, नाहीतर कुणी सांगणार नाही.

आता माझं ऐक. नोकरीचं पहिलं वर्ष, 1988, मराठवाड्यातला एक तालुका. व्यालेली जर्सी संकरित गाय, तुझ्या गाईसारखीच बसलेली. कंदील धरून मालकाची बायको उभी. मी बाटली उंच धरली, धार पूर्ण सोडली, कारण मला घरी जायचं होतं. गाय माझ्या समोर गेली. तिथं शक्यता वगैरे काही नव्हत्या, चूक माझी होती. त्यानंतर महिनाभर मी त्या गावाला गेले नाही. मग आठवडी बाजारात तीच बाई भेटली. मला वाटलं, आता चारचौघांत बोलणार. ती बोलली, पण गाईबद्दल नाही. म्हणाली, "बाई, तुम्ही परत आलाच नाही."

त्या दिवसापासून मी एक नियम पाळला. ज्या घरी जनावर गेलं, त्या घरी दुसऱ्या दिवशी न बोलावता जायचं. जनावर बरं झालं तर लोक स्वतःच सांगायला येतात, तिथं उशीर झाला तरी चालतो. मेलं तिथं मात्र आपणच जायचं असतं. निवृत्तीपर्यंत हा नियम मी मोडला नाही. शिव्या दोन-तीनदाच खाल्ल्या, चहा मात्र प्रत्येक वेळी मिळाला.

तुझा तो दुसरा दिवस तीन आठवडे मागे राहिलाय. तरी जा. उद्याच जा, संध्याकाळी धारांच्या वेळेला, म्हणजे घरात सगळी असतात. गेल्यावर काय बोलायचं याची घोकंपट्टी करू नकोस. 'त्या रात्रीनंतर मी आले नाही, ते चुकलं' एवढं म्हण. गाय का गेली असं विचारलं तर जे माहीत आहे ते सांग, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हण. धार जास्त सुटली असेल असं तुझं मन सांगत असेल तर तेही सांग. मला ठाऊक आहे, हे लिहायला सोपं आहे. पण माणसं चूक पचवतात, डॉक्टरनं तोंड लपवलेलं त्यांना पचत नाही. गाईचा विमा होता का, कानात 12 अंकी बिल्ला होता का, तेही विचार. शवविच्छेदनाची वेळ गेली आहे, त्यामुळे दाव्याचं खोटं आश्वासन देऊ नकोस. पुढच्या वेळी मात्र जनावर मेल्या जागी, हात धुवायच्या आत, शवविच्छेदनाचं आपणहून विचारायचं. लोक नको म्हणतील असं आपण धरून चालतो. बरेचदा हो म्हणतात, त्यांनाही कारण हवंच असतं.

आणि तुझ्या पत्रातली एक ओळ तू घाईत लिहून पुढं गेलीस. त्या आजींनी तुझ्या हातावर पाणी घातलं. टँकरचं गाव, एप्रिल तोंडावर, गाय नुकतीच मेलेली, आणि म्हातारी बाई तांब्या घेऊन उभी राहते. ती वस्ती तुझ्यावर उलटली आहे असं तू मला सांगतेस. मला तसं दिसत नाही.

आता मामा. लोक तुझ्याऐवजी त्यांना विचारतात याचं तुला वाईट वाटतं, हे समजू शकतं. पण लोकांनी त्यांना का विचारू नये? तुझ्या आधी तिथं किती अधिकारी आले, किती बदलून गेले, मामा तिथंच आहेत. कोणाची म्हैस लाथाडते, कोणाच्या घरी दोन भावांत अबोला आहे आणि कुणाच्या हाताला वेसण दिली पाहिजे, हे त्यांना ठाऊक आहे. पुढचे सहा महिने एकही फेरी त्यांच्याशिवाय करू नकोस. गाडीवर त्यांना मागे बसव, गोठ्यात पुढं राहू दे. निदान आणि औषध तुझं, त्यात तडजोड नाही. त्यांनी लोकांसमोर एखादं औषध सुचवलं आणि ते चुकीचं असलं तर तिथं खोडू नकोस, दवाखान्यात आल्यावर सांग. बरोबर असलं तर मात्र तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर म्हण, 'मामा म्हणतात ते बरोबर आहे.' हे वाक्य तू चारदा बोललीस की पाचव्या वेळी मामाच लोकांना सांगतील, 'मॅडमना विचारा.'

त्यांच्याकडून कानडीही शीक. व्याकरण नको, गोठ्यातलं शीक. आकळ म्हणजे गाय, एम्मी म्हणजे म्हैस, कुरी मेंढी, आडु शेळी, मेवु वैरण, नीरु पाणी. खाते का, पिते का, कधीपासून, कितव्या वेताची, एवढं कानडीतून विचारता आलं की म्हाताऱ्या बायका तुझ्याशी थेट बोलू लागतील. आणि जनावराची खरी हकीगत त्यांच्याकडेच असते. धारा त्या काढतात. पुरुष सांगतो 'कालपासून खात नाही', बाई सांगते 'चार दिवस झाले, उजवा मागचा सड कडक लागतोय'.

तुझं कामाचं शिक्षण बहुतेक आरे कॉलनीतल्या तबेल्यांतल्या म्हशींवर झालं असेल. त्या माणसांना सरावलेल्या असतात. जतचं खिलार वेगळं. ते तापट आहे, चपळ आहे, आणि परक्या माणसाला अंगाला हात लावू देत नाही. त्याच्यापाशी धीटपणा दाखवायला जाऊ नकोस. मालकाला बोलत राहू दे, जनावर त्याच्या आवाजावर शांत होतं. खोडा जवळ असेल तर खोड्यात घे. खाली पाडायची वेळ आलीच तर दोरी तुझी स्वतःची ने, गोठ्यातल्या कुजक्या दाव्यावर भरवसा ठेवू नको. माडग्याळी मेंढ्या तुझ्याच तालुक्याच्या. फुगीर पोपटनाकाच्या त्या मेंढ्यांची किंमत ऐकून तू थक्क होशील. त्या घरांत मेंढीचं पिल्लू आजारी पडणं म्हणजे काय, हे किंमत कळल्यावर कळेल. जमलं तर एकदा खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात नुसती हिंड. बॅग नको, ओळख नको. दात कसे बघतात, चाल कशी बघतात, रुमालाखाली बोटं धरून सौदा कसा होतो, ते बघ. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही.

पुढचे दोन महिने तुझ्या फायद्याचे आहेत. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस, शेळ्यामेंढ्यांना आंत्रविषाराची. ही मोहीम तू मामांवर आणि पर्यवेक्षकांवर सोपवून दवाखान्यात बसू शकतेस, बरेच जण बसतात. तू बसू नकोस. सकाळी ऊन चढायच्या आत वस्ती-वस्तीवर जा. लस टोचायला गेलेल्या डॉक्टरला बघून कुणाच्या पोटात गोळा येत नाही. आजारपण नसताना माणसं निवांत बोलतात. तू दिसलीस, चार दिवसांनी पुन्हा तिथंच 'गाठ आली का, ताप आला का' विचारायला गेलीस, की गावातलं बोलणं आपोआप बदलेल. एकदम नाही बदलणार. वर्ष जाईल.

बेंदराला तिथंच राहा. तुझ्या भागात काही घरं ज्येष्ठातला कर्नाटकी बेंदूर करतात, काही आषाढातला महाराष्ट्री. सुट्टी जोडून ठाण्याला पळायचा मोह होईल. त्या दिवशी ज्या घरी बोलावतील तिथं जाऊन बैलाच्या पाया पड, पोळी खा.

आता तुझं घर. मला तुझ्या पत्रातलं हेच जास्त लागलं. दोन महिने खोकी बांधलेली! मी स्वतः पहिली दोन वर्षं एका पत्र्याच्या पेटीतून जगले, म्हणून सांगते. बांधलेली खोकी रोज सकाळी तुला 'तू जाणार आहेस' असं सांगत राहतात, आणि ते गावालाही दिसतं. आज रात्री ती सोड. रिकामी खोकी घरमालकिणीला दे, तिला लागतील.

खोलीच्या बाहेर एक कोपरा कामाचा ठरव. गमबूट, एप्रन, दोरी, बादली तिथं. त्यातली एकही वस्तू उंबऱ्याच्या आत येता कामा नये. गोठ्यातले कपडे निराळ्या बादलीत, निराळे धुवायचे. पाणी कमी आहे म्हणून ही शिस्त सुटते, आणि नेमकी कमी पाण्याच्या गावात ती जास्त लागते. एक वीस लिटरचा कॅन फक्त हात-पाय धुण्यासाठी भरून ठेव, त्यातलं पाणी स्वयंपाकाला घ्यायचं नाही, काही झालं तरी. घरमालकिणीला एकदा स्वच्छ सांग की मी रात्री-अपरात्री बाहेर जाईन, अंगाला वास येईल, गाडीचा आवाज होईल. आधी सांगितलं की ती तुझी बाजू घेते, नंतर कळलं की शंका घेते. रात्रीच्या फोनला एकटी जाऊ नकोस. मामा नसले तर मालकालाच म्हण, 'घ्यायला या आणि सोडायला या.' यात कमीपणा नाही. आमच्या वेळी मी हे म्हणायला लाजत असे, आणि एकदा लुना बंद पडून चार किलोमीटर अंधारात ढकलत आले.

स्वतःच्या शरीराबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेतली आहेस का? नसेल तर या आठवड्यात घे. लाळ गळतेय, घोगरं हंबरतेय, गिळता येत नाही, आणि मालक सांगतो 'घशात काहीतरी अडकलंय', अशा गाईच्या तोंडात उघडा हात कधीही घालू नकोस. आधी पिसाळल्याचाच संशय धर, कुत्रं चावलं होतं का विचार. वार अडकलेली असो की गर्भ टाकलेला असो, खांद्यापर्यंतचे हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही. मोजे संपले असतील तर स्वतःच्या पैशानं आण. ब्रुसेला या जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या जंतूचा ताप येतो-जातो, सांधे धरतो, आणि माणसांचे डॉक्टर मलेरिया, टायफॉइड शोधत बसतात. कधीही दवाखान्यात गेलीस तर पहिलं वाक्य हे सांग, 'मी गुराढोरांची डॉक्टर आहे.' माझ्या बरोबरीच्या एका पशुवैद्याचं दुखणं हे वाक्य न बोलल्यामुळे आठ महिने कळलं नाही.

आठवड्यातला एक दिवस तुझा असू दे. शेजारच्या दवाखान्यातल्या सहकाऱ्याशी आलटून-पालटून ठरव, आणि 1962 या क्रमांकावर फिरतं पथक मिळतं हे गावात सगळ्यांना सांगून ठेव. त्यानं तुझं महत्त्व कमी होत नाही. तुझ्या वर्गातली मुलं-मुली महाराष्ट्रभर अशाच खोल्यांत बसलेली असतील. मेलेल्या जनावरांबद्दल एकमेकांशी बोला. यश सगळे फोटोसकट पाठवतात, ही दुसरी यादी कुणी करत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं आपल्याच हातून घडलं.

आईचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रात ती आहे. कुत्र्या-मांजरांचं काम कमी प्रतीचं नाही. पुढं कधी तुला ते मनापासून करावंसं वाटलं तर खुशाल कर. फक्त एका मेलेल्या गाईपासून पळून जायला म्हणून करू नकोस. तिथंही टेबलावर कुत्रं मरेल, आणि त्याचा मालक तुला हातावर पाणी घालेलच असं नाही. आईला आठ दिवस तुझ्याकडे बोलाव. उन्हाळा संपल्यावर बोलाव. तिला गोठ्यात ने. तू लेकीच्या आवाजात बोलतेस ते तिनं फोनवर ऐकलंय, डॉक्टरच्या आवाजात बोलतेस ते तिनं अजून ऐकलेलं नाही.

आणि शेवटी एक गोष्ट, जी मी मुद्दाम मागे ठेवली. गाय व्याली, दोन दिवसांनी मेली, असं तू लिहिलंस. मग तिचं वासरू कुठाय? पूर्ण पत्रात त्याचा उल्लेख नाही. त्या रात्री त्या गोठ्यात तुझे दोन रुग्ण होते, एक बसलेला आणि एक दोन दिवसांचा. जगलं असेल तर आता तीन आठवड्यांचं असेल. आईचा चीक किती मिळाला, आता दूध कुणाचं पाजतात, दिवसातून किती वेळा, ते विचार. वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं दूध रोज पोटात जायला हवं, विभागून. जंताचं औषध दिलं नसेल तर उद्याच दे, नाळ वाळली का ते बोटानं बघ. आणि कालवड असेल तर तिला चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान ब्रुसेलाची लस लागेल. ती जिवंत लस आहे, सुई स्वतःला टोचू द्यायची नाही, मोजे आणि चष्मा घालून द्यायची. मार्चचं वासरू म्हणजे जुलैच्या अखेरीला चार महिने भरतात. तारीख डायरीत लिहून ठेव, त्या घराच्या नावासमोर.